खाडीला वळसा

वन्सं, पाय भरून आलेत. मांड्यांत गोळे उठतायत, कंबर धरलीय आणि तळहाताला फोड आलाय तो वेगळाच. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुमचं दिवसकार्य काल आटोपलं. मांडवीच्या घरातले सगळे म्हणतात, रजनी, आता जरा पड. पण पडवत नाही. पडलं की वाटतं, तुम्ही आता फाटकाशी येऊन ओरडाल, ‘आवरलं काय गो? ऊन डोक्यावर आलं!’ मग उठते, ओट्यापर्यंत जाते, परत येते. माझ्या ह्या येरझाऱ्यांना तुमचा भाऊ वैतागलाय.

तुम्ही गेलात ते पायरीवर बसून, बुटाच्या नाड्या बांधता बांधता. एक बांधलेली, एक सुटी. लोक म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं. येऊ दे ना, पण आपल्या वादाचं काय? तो तसाच अर्धा टाकून गेलात. नणंद-भावजयीचं भांडण म्हटलं की लोकांना वाटतं दागिन्यांवरून किंवा आमटीतल्या मिठावरून. आपलं भांडण रस्त्यावरून होतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

आमचा ओंकार नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची ती बारीक चाकांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची सायकल पडवीत लटकत राहिली. तुमचे गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. ते बिचारे व्यायामशाळेतल्या जागच्या सायकलबद्दल बोलत होते. तुम्ही भाच्याची सायकल खाली काढलीत. पन्नाशी उलटल्यावर जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवलात आणि तो घालून बाहेर आलात तेव्हा मला म्हणालात, ‘हसायचं असंल तर आत्ताच हसून घे, रस्त्यावर नको.’ मी पोट धरून हसले. तुम्हीही हसलात. तुमच्या भावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्या मागं मागं जा, पडंल-बिडंल. म्हणून माझ्यासाठीही एक जुनी सायकल आली. तुम्ही काही पडला नाहीत. पडले मी, भाट्याच्या पुलाअलीकडं, भर बाजारच्या दिवशी. आणि तुम्ही मागं वळून न बघता पूर्णगडच्या दिशेनं गेलात ते पावसला चहाच्या टपरीवरच भेटलात.

मग काय, आपल्याला वेडच लागलं. रविवार उजाडला की आपण रस्त्यावर. आरे-वारेचा तो चढ, जिथं फुप्फुसं तोंडात येतात आणि नेमका तेव्हाच खाली समुद्र उघडतो. बाहेरगावचे लोक तिथं गाड्या थांबवून फोटो काढत उभे असायचे आणि आपण घामानं डबडबलेल्या दोन बायका त्यांच्या फोटोतून जायचो. मालगुंडच्या सुरूंच्या सावलीत केळी खायची. सड्यावर आलं की वारा अंगावर यायचा, कातळावरचं गवत आडवं पडलेलं. तुम्ही बोलत नव्हता चालवताना. उतारावर मात्र ब्रेक सोडून एक बारीक आवाज काढायचात, गाणं नव्हे, शीळही नव्हे. तो आवाज मला परत ऐकायचाय आणि तो कशात भरून ठेवलेला नाही.

आतल्या रस्त्यावरचं ते लहान धरण तुम्हाला समुद्राहून जास्त आवडायचं. भिंतीवर बसून तुम्ही पाण्याकडं बघत राहायचात. मासळीच्या धंद्यात आयुष्य गेलेली बाई, बंदरावर लिलावात भल्याभल्यांना पाणी पाजणारी, आणि हिला आवडतं काय तर तळं! मी विचारलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, ‘हे पाणी कुठं जात नाय गो.’ मी विषय बदलला.

घोडं अडायचं ते जयगडच्या जेटीवर. तिथवर आपण किती वेळा गेलो असू! समोर खाडी, पलीकडं तवसाळ, मधे फेरीबोट. मी म्हणायचे, वन्सं, चढवू या सायकली. एवढंसं तर पाणी आहे. पलीकडं उतरलं की हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, मग दाभोळची फेरी, मग दापोलीचा किनारा आणि तसंच वर केळशी. केळशी तुमचं सासर. तुम्हाला एकदा सायकलवरून केळशीला जायचं होतं, हे तुम्हीच मला सांगितलेलं. सगळ्या मुलखात याहून देखणा सायकलचा रस्ता नाही. तुम्ही म्हणायचात, ‘जाऊ या की. पण वळसा घालून.’ म्हणजे हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण, लोटे, खेड, दापोली. हायवे! धूळ, खणलेला रस्ता, ट्रक. मी म्हणायचे, ह्या वयात मला ट्रकखाली जायचं नाही. तुम्ही म्हणायचात, ‘सायकलीनं जायचं म्हणजे सायकलीनं. होडीत बसून गेलं तर ते जाणं कसलं?’ नियम म्हणे. आणि आपण दोघी तोंडं फुगवून माघारी वळायचो. केळशी राहून गेली.

नियमाचं सोंग होतं ते, मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. आपल्या लोकांत काशीला जाऊन आलेली माणसं काहीतरी सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी आवडती मिठाई. तुम्ही होडी सोडली होती. तुमचे यजमान, आमचे भावोजी, केळशीच्या खाडीतून निघाले ते परत आले नाहीत. होडी नाही, माणूस नाही, फळी नाही. घरच्यांनी पुढं दर्भाचा पुतळा करून सगळं रीतसर केलं. तुम्ही ते करू दिलंत. पण त्याच दिवशी सासूबाईंसमोर म्हणालात की ते येईपर्यंत मी होडीत पाय ठेवणार नाही. लोकांना वाटलं, दुःखात बोलली, विसरेल. तुम्ही माहेरी रत्नागिरीला आलात, मासळीत उभ्या राहिलात, दुसऱ्यांच्या होड्यांतून आलेला माल विकलात, होडीच्या कडेला हात लावून भाव केलात. आत पाय कधी ठेवला नाहीत. केळशीला वर्षातून एकदा जायचात ते एसटीनं, आतल्या रस्त्यानं.

एकदाच तुम्ही मला म्हणालात, ‘तू जा गो पलीकडं. येवढा सोस हाय तर बघून ये. मी हितं उभी ऱ्हातंय.’ मी रागातच चढले फेरीवर. सायकल तुमच्यापाशी ठेवली. बोट मध्यावर गेली तेव्हा मी मागं बघितलं. जेटीच्या टोकाला तुम्ही, दोन्ही हातांत दोन सायकली धरून. हलत नव्हता. तोवर मी तुम्हाला नेहमी किनाऱ्यावरूनच बघितलेलं. वाट बघणारं माणूस पाण्यावरून कसं दिसतं ते मला तेव्हा कळलं. तवसाळला मी खाली उतरलेसुद्धा नाही. त्याच फेरीनं परत आले. तुम्ही माझं मनगट धरलंत ते इतकं घट्ट की बांगडी रुतली. आणि बोललात काय? ‘पलीकडं चहा मिळत नाय काय?’

तेव्हा मी बोलायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून कळत नाही. वन्सं, भावोजी येणार नाहीत, एवढंच वाक्य. ते मी गिळलं. मला वाटतं, मी ते बोलले नाही याचं तुम्हालाही मनातून बरंच वाटलं होतं.

आता ऐका पुढं काय झालं ते. तुम्हाला स्मशानात नेऊन आल्यावर तुमचा भाऊ म्हणाला, सुलूच्या अस्थी होडीनं न्यायच्या. आपली होडी आहे, खोल पाण्यात सोडू, आपल्यात तसंच करतात. मी म्हटलं, वन्सं होडीत बसणार नाहीत.

‘अगो, मेलं माणूस!’ तो म्हणाला. ‘शपथ जित्या माणसाची. ती संपली, शपथ संपली. आनी भावोजी पान्यात हायत. तिला तिथंच जायचं होतं ना जन्मभर?’

त्याचं म्हणणं चूक होतं का? मला तेव्हाही तसं वाटलं नाही, आज तर नाहीच. खरं तर तो माझाच मुद्दा मांडत होता, मीच नाही का इतकी वर्षं चढा चढा म्हणत होते? आणि मी उलट्या बाजूनं भांडत होते, तुमच्या तोंडचे शब्द घेऊन. म्हटलं, भावोजी आले नाहीत तोवर नाही म्हणजे नाही. मी नेते केळशीला. सायकलीनं. वळसा घालून. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडात बोट घातलं. सुतकात बाई सायकलवर बसून अस्थी घेऊन हायवेनं निघालीय! तुमच्या भावानं उठून तुमच्या सायकलची चाकं दाबून बघितली. मग म्हणाला, ‘ने. पन जमिनीला टेकवायच्या नाय, आनी कुनाच्या घरात न्यायच्या नाय. मी मोटारसायकलीनं फेरीवरनं येतंय, केळशीला थांबतंय.’

अशा तुम्ही माझ्या पाठीवरच्या सॅकेत बसून निघालात, तुमच्याच सायकलवर.

हायवे जसा म्हटला होता तसाच निघाला, तोंडात धूळ आणि कानात हॉर्न. हातखंब्यापर्यंत मी तुम्हाला इतकं बोलले की तुमच्या जिवंतपणी कधी बोलले नव्हते. एका डंपरनं घासून हवा मारली तेव्हा तर भर रस्त्यात ओरडले, बघितलंत? हे पाहिजे होतं तुम्हाला? पण संगमेश्वरला शास्त्री नदीच्या पुलावर आले आणि पाय आपोआप थांबले. ही तीच की हो, जयगडची खाडी! जयगडला जिच्या पलीकडचं माणूस ओळखू येत नाही, ती इथं पुलाखालून मुकाट चाललेली, काठावर बाया कपडे धूत होत्या आणि ह्या काठाची बाई त्या काठाच्या बाईशी बोलत होती. खाडीला वळसा घालायचा म्हणजे ती एवढीशी होईपर्यंत तिच्या कडेकडेनं आत जात राहायचं. हे तुम्ही मला कधी नीट सांगितलं नाहीत. नुसतं ‘नियम, नियम’ केलंत. सांगितलं असतंत तर मी आले असते, वन्सं. कदाचित आले असते.

सावर्ड्याला मावसबहिणीकडं उतरले. तिनं तुम्हाला घरात घेतलं नाही, रीतच आहे, राग नका धरू. अंगणातल्या फणसाला सॅक टांगली. मी जेवत होते खरी, पण लक्ष सगळं बाहेर. कापणी होऊन शेतं मोकळी झालेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि तुम्ही फणसाला लटकलेल्या. बहीण म्हणाली, ‘तुझी ती नणंद बोलायला कशी होती गो?’ मी म्हटलं, फटकळ. आणि ताट उचलून पडवीत, तुम्ही दिसाल अशी बसले.

परशुरामचा घाट मी चढले नाही, ढकलत नेली सायकल. तुम्ही चढला असतात. आणि लोट्याला, कारखान्यांच्या त्या उग्र वासात, मागचं चाक बसलं. पाळी सुटायची वेळ. कंपन्यांच्या बसेस ओळीनं उभ्या, माणसं डबे घेऊन चाललेली. ट्यूब बदलायची तर दोन्ही हात हवेत, सॅक पाठीवर ठेवून वाकता येईना, जमिनीवर ठेवायची नाही आणि टांगायला झाडाची फांदीही नाही. मी सायकल धरून नुसती उभी. एक जण थांबला, डोक्याला कंपनीची टोपी, चाळिशीचा असेल.

‘पंचर काय? द्या ती बॅग हिकडं.’

‘खाली ठेवू नका पण.’

‘का? काच हाय काय?’

‘माझी नणंद आहे,’ मी म्हटलं.

मग त्यानं वाकून पायातले जाड बूट काढले, बाजूला ठेवले, आणि अनवाणी उभं राहून सॅक दोन्ही हातांत घेतली. मागून हाका यायला लागल्या, ‘चल रं, बस सुटतीय!’ तो म्हणाला, ‘जावा तुमी.’ बस गेली. मला ट्यूब घालायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. टायर रिमवर बसेना. तो एका शब्दानंही घाई कर म्हणाला नाही. शेवटी सॅक माझ्या पाठीवर चढवताना विचारलंन, ‘कुठं न्यायची हाय?’ केळशीला म्हटल्यावर म्हणाला, ‘खेडातनं गेलाव तर चढाव हाय मोठा. सावकाश जावा. त्यांना पन दम लागंल.’ मी रस्त्यावर रडले, वन्सं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. घरात भरलेल्या बायकांसमोर आलं नाही ते त्या वासात, त्या परक्या माणसासमोर आलं. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

दापोलीत एक मुक्काम केला आणि सकाळी केळशीचा उतार लागला तेव्हा मी तुमच्यासारखा आवाज काढून बघितला. जमला नाही.

तुमचा भाऊ पुळणीवर उभा होता. ओहोटी लागलेली, पाणी पार लांब. आम्ही दोघं ओल्या वाळूतून चालत गेलो, चालत गेलो, तरी पाणी घोट्याला लागेना. तो म्हणाला, ‘होडी असती तर...’ आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं. मांड्यांइतकं पाणी आलं तिथं थांबलो. कलश त्यानं धरला, हात मी लावला. तो म्हणाला, ‘सुलू, पायानं आलीस गो. जा आता.’ मी म्हणणार होते ते वाक्य, इतकी वर्षं गिळलेलं. आता तरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं. आणि समोर एवढं पाणी बघून मला ते पुन्हा म्हणता आलं नाही. कोण जाणे, भावोजी निघालेही असतील तिकडून. माझं काय जातंय?

खरं सांगू? मला वाटलं होतं, एकदा तुम्हाला पोचवलं की हे आतलं भिरभिरणं थांबेल. परतीला तुमचा भाऊ म्हणाला, आता कसली शपथ, फेरीनं जाऊ, लवकर घरी पोचू. मीही हो म्हटलं. आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर, सगळा किनारा डाव्या-उजव्या वळणांनी, कुठं सुपारीच्या बागांतून, कुठं अगदी लाटांना लागून. इतकी वर्षं मी ज्या रस्त्यासाठी भांडले तो हा रस्ता. देखणा आहे, मी खोटं बोलत नव्हते. तो हळूहळू पुढं, मी मागं. दाभोळच्या जेटीवर फेरी लागलेलीच होती. त्यानं मोटारसायकल चढवली. पलीकडं धोपावे दिसत होतं. मी सायकल फळीपर्यंत नेली आणि माझा पाय उचलेना.

‘ओ ताई, चढताय काय? फळी उचलतोय!’

वरून तुमचा भाऊ हात करत होता. मी हसून बघितलं, स्वतःला रागावून बघितलं. हीच ती मी, पाण्यावरून जायचं म्हणून तुमच्याशी तोंडं फुगवणारी. आता अडवायला कुणी नव्हतं, सगळी शपथ केळशीच्या पाण्यात सोडून आले होते. पुढचं चाक फळीवर होतं, मागचं जमिनीवर. मी सायकल मागं घेतली.

तुमच्या भावानं मोटारसायकल उतरवली. लोक खेकसत होते त्याच्यावर. माझ्यापाशी येऊन थांबला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘तू पन?’

मी मान हलवली. तो गाडी वळवून दापोलीच्या चढाला लागला, अगदी सावकाश, मी मागं राहू नये म्हणून. ते येईपर्यंत होडीत पाय ठेवणार नाही, असं तुम्ही भावोजींसाठी म्हणाला होतात. मी कुणासाठी ते त्यानं विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका, वन्सं. या फक्त.